संगणकावरील पर्यावरण-चिन्हे : ओळख, अर्थ आणि पडताळणी

भिलाईतील ‘हुडको’ ही वसाहत आपल्या नावातच एका वित्तसंस्थेची ओळख बाळगून आहे. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. पोलाद कारखान्याच्या या नगरीत नोकरीनिमित्त आलेली आणि येथेच स्थिरावलेली अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे आहेत. घर झाले, मुलांचे शिक्षण सुरू झाले की पुढची मोठी खरेदी बहुधा संगणकाची असते. त्यासाठी कर्जाचा अर्ज करताना ग्राहक दुकानदाराचे दरपत्रक सोबत जोडतो. त्यात प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंची आणि किंमत किती, एवढे सर्व असते. परंतु यंत्र वीज किती घेईल, त्यात विषारी द्रव्ये आहेत काय, आणि निकामी झाल्यावर ते परत कोण घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे दरपत्रकात क्वचितच सापडतात.

ही उत्तरे असतात ती यंत्राच्या मागील बाजूस, खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत, छोट्या छोट्या चिन्हांच्या रूपाने. बहुसंख्य ग्राहक त्यांकडे शोभेची चित्रे म्हणून पाहतात. काही जण तर हिरव्या रंगाचे कोणतेही पान दिसले की वस्तू पर्यावरणपूरक आहे असे समजतात. या दोन्ही समजुती महाग पडू शकतात. म्हणून ही चिन्हे कोठून आली, ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा थोडा अभ्यास उपयुक्त ठरेल.

चिन्हांचे तीन प्रकार

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजेच आयएसओने, पर्यावरणविषयक दाव्यांचे तीन प्रकार मानले आहेत. बँकेच्या व्यवहारातील उदाहरणांनी ते सहज समजतात.

पहिला प्रकार आयएसओ १४०२४ या मानकातील. यात वस्तूच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या अनेक निकषांवर त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि नंतरच चिन्ह देते. लेखापरीक्षकाने तपासून सही केलेल्या हिशेबासारखे हे चिन्ह होय.

दुसरा प्रकार आयएसओ १४०२१ मधील. यात उत्पादक स्वतःच दावा करतो, उदाहरणार्थ ‘पुनर्वापरित प्लास्टिकपासून बनविलेले’. अर्जदाराने स्वतः लिहून दिलेल्या उत्पन्नाच्या पत्रासारखा हा प्रकार आहे. पत्र खरे असू शकते, पण बँक त्यावर पुरावा मागते.

तिसरा प्रकार आयएसओ १४०२५ मधील. यात ‘चांगले’ वा ‘वाईट’ असा निवाडा नसतो. ठरावीक पद्धतीने मोजलेले आकडे तपासून मांडलेले असतात. हा एक प्रकारचा ताळेबंद आहे. तो वाचून निष्कर्ष काढणे वाचणाऱ्यावर सोपविलेले असते.

यांखेरीज वीजवापरासारख्या एकाच निकषावर दिली जाणारी चिन्हे आहेत, तसेच कायद्याने सक्तीची केलेली चिन्हे आहेत. त्यांचा विचार पुढे येईल.

इतिहास : पडद्यापासून सुरुवात

पर्यावरण-चिन्हांची पहिली राष्ट्रीय योजना जर्मनीत १९७८ साली ‘ब्लाऊ एंगल’, म्हणजे ‘निळा देवदूत’, या नावाने सुरू झाली. संगणकाच्या बाबतीत मात्र १९९२ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी दोन भिन्न देशांत, दोन भिन्न कारणांनी, दोन चिन्हे जन्मास आली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या वर्षी ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू केली आणि तिच्यात सर्वप्रथम संगणक व मॉनिटर यांनाच स्थान दिले. कारण साधे होते. कार्यालयांतील संगणक दिवसभर, कित्येकदा रात्रभरही, चालू राहत. प्रत्यक्ष काम मात्र त्यातील थोडाच वेळ चाले. वापर नसताना यंत्राने आपोआप निद्रावस्थेत जावे, ही पहिली अपेक्षा होती. १९९३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून सरकारी कार्यालयांनी या निकषांत बसणारेच संगणक विकत घ्यावेत असे ठरविले. एवढा मोठा गिऱ्हाईक हातचा जाऊ नये म्हणून उत्पादकांनी निकष झपाट्याने स्वीकारले.

स्वीडनमध्ये पुढाकार घेतला तो पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या ‘टीसीओ’ या महासंघाने. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या कारकुनांचे डोळे, पडद्याचे लुकलुकणे आणि त्याभोवतीचे विद्युत व चुंबकीय क्षेत्र, ही त्यांची चिंता होती. टीसीओ ’९२ या चिन्हापासून ’९५, ’९९ आणि ’०३ अशा आवृत्त्या निघत गेल्या आणि आरोग्याबरोबर वीजवापर, रसायने व पुनर्वापर यांचे निकषही त्यांत समाविष्ट झाले. जुन्या मॉनिटरच्या चौकटीवर आढळणारी ‘टीसीओ’ ही अक्षरे म्हणजे कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांसाठी मिळविलेली हमी होती. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढलेल्यांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

२००६ साली अमेरिकेत ‘ईपीट’ ही नोंदणी-पद्धत सुरू झाली. तिच्या आरंभीच्या मानकात २३ अनिवार्य व २८ ऐच्छिक निकष होते. सर्व अनिवार्य निकष पूर्ण करणाऱ्या यंत्रास कांस्य, त्यांखेरीज निम्मे ऐच्छिक निकष पूर्ण केल्यास रौप्य आणि तीन चतुर्थांश पूर्ण केल्यास सुवर्ण असा दर्जा मिळे. यंत्र सहज उघडता व दुरुस्त करता येणे, हाही त्यात विचार होता.

या पद्धतीचे सामर्थ्य जुलै २०१२ मध्ये दिसले. अ‍ॅपल कंपनीने आपले संगणक या नोंदणीतून काढून घेतले. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने यापुढे हे संगणक आपल्या खात्यांसाठी घेतले जाणार नाहीत असे जाहीर केले. काही दिवसांतच कंपनीने चूक मान्य करून आपली यंत्रे पुन्हा नोंदविली. चिन्हाला वजन येते ते त्याच्या रंगामुळे नव्हे, तर ते मागणाऱ्या ग्राहकामुळे, हा या प्रसंगाचा बोध होय.

पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ

चिन्हांच्या इतिहासात एक धडा असाही आहे. प्रारंभीची अनेक वर्षे एनर्जी स्टार बहुतांशी उत्पादकाच्या शब्दावर दिले जात असे. २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने एक अहवाल प्रसिद्ध केला. तिच्या अधिकाऱ्यांनी बनावट कंपन्यांच्या नावाने २० काल्पनिक वस्तू मान्यतेसाठी सादर केल्या होत्या. त्यांपैकी तब्बल १५ वस्तूंना चिन्ह मिळाले! त्यांत लहान जनित्राएवढे, पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ होते. तसेच खोली तापविण्याच्या यंत्राला पिसांचा झाडू व माश्यांचे चिकट कागद जोडून तयार केलेले ‘हवा शुद्ध करणारे यंत्र’ही होते. या नाचक्कीनंतर नियम बदलले आणि २०११ पासून त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र अनिवार्य झाले.

भिलाईच्या वाचकांना हे तत्त्व नवे नाही. येथील कारखान्यातून भारतीय रेल्वेसाठी रूळ जातात. ‘रूळ उत्तम आहेत’ असे कारखान्याने म्हणणे पुरेसे मानले जात नाही. रेल्वेच्या वतीने ‘राइट्स’ संस्थेचे निरीक्षक ते तपासतात आणि मगच ते रवाना होतात. ज्याचा माल त्याचीच साक्ष, हे रुळाच्या बाबतीत चालत नाही. घरात येणाऱ्या संगणकाच्या बाबतीतही ते चालू नये.

भारतातील चार खुणा

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने चार खुणा महत्त्वाच्या आहेत. त्यांची गल्लत करू नये.

पहिली ‘इकोमार्क’. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९१ साली ही योजना जाहीर केली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह. मातीतून घडते, थोड्या ऊर्जेत भाजले जाते आणि फुटले तर मातीत मिसळते, असा त्यामागील अर्थ. योजनेच्या वस्तुगटांत विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूही होत्या. परंतु ती ऐच्छिक असल्याने आणि मागणी नसल्याने फारच थोड्या उद्योगांनी हे मडके स्वीकारले. संगणकाच्या दुकानात ते दिसले नाही म्हटले तरी चालेल. सप्टेंबर २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम अधिसूचित करून सरकारने या योजनेस नवजीवन देण्याचा प्रयत्न केला आहे.

दुसरी खूण ताऱ्यांची. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि मे २००६ मध्ये त्याची लेबल योजना सुरू झाली. शीतकपाटे व वातानुकूलन यंत्रांवरील एक ते पाच तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. दूरचित्रवाणी संच या योजनेत आले; लॅपटॉप संगणक मात्र ऐच्छिक लेबलांच्या गटात घेतले गेले. येथे एक सूचना आवश्यक आहे. ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. म्हणून जुन्या वर्षातील पाच तारे आणि आजचे पाच तारे समान नसतात. लेबलावर छापलेला कालावधी अवश्य पाहावा.

तिसरी खूण भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. २०१२ च्या आदेशानुसार लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर इत्यादींना ही नोंदणी सक्तीची झाली. तिचा क्रमांक ‘आर’ या अक्षराने सुरू होतो आणि सोबत आयएस १३२५२ या मानकाचा उल्लेख असतो. परंतु ही खूण सुरक्षिततेची आहे. विजेचा धक्का बसू नये, यंत्र पेटू नये, एवढीच तिची हमी. ते पर्यावरणाचे प्रमाणपत्र नव्हे.

चौथी खूण फुली मारलेल्या, चाके असलेल्या कचरापेटीची. युरोपात २००५ पासून ती सक्तीची झाली आणि भारतातील ई-कचरा नियमांनीही ती स्वीकारली. पुष्कळांना वाटते की ही पेटी म्हणजे वस्तू पर्यावरणपूरक असल्याचा दाखला. वास्तविक तिचा अर्थ जवळजवळ उलट आहे : या वस्तूत असे काही आहे की जे घरच्या कचऱ्यात जाता कामा नये.

त्या पेटीत काय जाऊ नये?

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत वस्तूंतील सहा घातक पदार्थांवर मर्यादा घातली. शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि आग पसरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये मिसळली जाणारी ब्रोमीनयुक्त रसायनांची दोन कुळे, हे ते सहा पदार्थ. कॅडमियमसाठी वजनाच्या ०.०१ टक्के व इतरांसाठी ०.१ टक्के अशी ती मर्यादा. काही उपयोगांना सूट आहे. खोक्यावर ‘आरओएचएस’ ही अक्षरे दिसतात ती याचीच. भारताने ई-कचरा नियम, २०११ मध्ये या मर्यादा स्वीकारल्या. ते नियम १ मे २०१२ पासून लागू झाले.

जुन्या, जाड मॉनिटरच्या काचेत शिसे असे. नंतर आलेल्या सपाट पडद्यांच्या पहिल्या पिढीत प्रकाशासाठी पारायुक्त नलिका होत्या. एलईडी आल्यावर त्या गेल्या. अशी यंत्रे कबाड्याकडे गेली की बहुधा त्यांची काच फोडली जाते, तारा जाळून तांबे काढले जाते आणि पाट्यांवरील मौल्यवान धातूंसाठी आम्ल वापरले जाते. तो धूर आणि ते आम्ल ज्याच्या अंगावर येते, त्याने कधी संगणक वापरलेलाही नसतो. यंत्रावरील ही लहानशी पेटी त्याच्या वतीने ग्राहकाला विनंती करीत असते.

प्रश्नाचा आकारही लहान नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अंदाजानुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे १०.१४ लाख टन ई-कचरा निर्माण झाला. २०२१-२२ मध्ये तो सुमारे १६ लाख टनांवर गेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली आणि पुनर्चक्रणाचे लक्ष्य उत्पादकांवर टाकले : प्रथम ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

हिशेब कागदावर

आता विजेचा हिशेब पाहू. हुडकोतील एखाद्या घरी रोज ६ तास, वर्षातील ३०० दिवस संगणक चालतो असे समजा. डेस्कटॉप व मॉनिटर मिळून १२० वॅट घेत असतील, तर वर्षाला २१६ युनिट होतील. ३० वॅट घेणारा लॅपटॉप तेवढ्याच वापरात ५४ युनिट घेईल. फरक १६२ युनिट. प्रतियुनिट ६ रुपये धरले तर वर्षाला ९७२ रुपये, पाच वर्षांत ४,८६० रुपये. दरपत्रकांची तुलना करताना किमतीत ही रक्कम मिळवूनच पाहावी. स्वस्त वाटणारे यंत्र कधी कधी तितकेसे स्वस्त राहत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. छत्तीसगडची वीज प्रामुख्याने कोळशावर होते. कोरबा येथील औष्णिक केंद्रे सर्वश्रुत आहेत. देशातील जाळ्यातून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वरील फरक वर्षाला सुमारे ११३ किलोंचा झाला.

परंतु येथे घाईने चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. ‘मग जुना डेस्कटॉप आजच काढून टाकावा’ असे कोणी म्हणेल. तसे करणे हिशेबात बसत नाही. वर्षाला ९७२ रुपये वाचविण्यासाठी ४० हजारांचे यंत्र घेतले, तर ते फिटण्यास ४० वर्षांहून अधिक काळ लागेल! शिवाय लॅपटॉपच्या आयुष्यभरातील कार्बनभाराचा मोठा वाटा वापरात नव्हे, तर तो तयार होतानाच पडतो. म्हणून चालू स्थितीतील यंत्र दुरुस्त करून, मेमरी वाढवून शक्य तितके वापरावे. आणि जेव्हा नवे घेणे अटळ होईल, तेव्हा चिन्हे पाहून घ्यावे. चिन्ह हे निवडीचे साधन आहे, नव्या खरेदीचे निमित्त नव्हे.

या जाणिवेतूनच दुरुस्ती-योग्यतेची नवी मोजपट्टी पुढे येत आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती-गुणांक छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात जून २०२५ पासून मोबाइल व टॅबलेटच्या लेबलावर दुरुस्तीची श्रेणी असते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे.

शाखेसाठी

कर्मचारी वर्गाने हाच हिशेब शाखेला लावून पाहावा. १५ संगणक रात्री १४ तास तसेच चालू राहिले आणि प्रत्येकी ६० वॅट घेत असतील, तर ३०० दिवसांत ३,७८० युनिट जातात. तेच निद्रावस्थेत प्रत्येकी २ वॅटवर राहिले तर अवघे १२६ युनिट. यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही; यंत्रात असलेली सोय चालू करावी लागते. एनर्जी स्टारचे चिन्ह असलेला संगणक ‘झोपू’ दिला नाही, तर ते चिन्ह निव्वळ चिकटपट्टी ठरते.

जुने संगणक काढताना दोन दक्षता घ्याव्यात. ई-कचरा नियमांत बँकांची गणना २०११ सालीच मोठ्या ग्राहकांत झाली होती. २०२२ च्या नियमांनुसार वर्षात १,००० वा अधिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यावयाचा असतो. लिलावात केवळ सर्वाधिक बोली पाहणे पुरेसे नाही. दुसरे, हार्ड डिस्कवरील माहिती पुन्हा वाचता येणार नाही अशा रीतीने नष्ट केल्याखेरीज एकही यंत्र बाहेर जाऊ नये. ग्राहकाचा विश्वास भंगारात जाता कामा नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

१. हे चिन्ह कोणी दिले? त्रयस्थ संस्थेने की स्वतः उत्पादकाने? ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ अशा मोघम शब्दांना पुरावा हवा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

२. ते नेमके कशाबद्दल आहे? वीज, रसायने, सुरक्षितता की विल्हेवाट? एका गोष्टीची खूण दुसरीची हमी देत नाही.

३. त्याची पडताळणी होते काय? मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. ताऱ्यांसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची तशीच सोय आहे. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचे हे काम आहे.

४. संगणक दुकानात जोडून घेतलेला असेल तर काय? अशा यंत्रास एकत्रित चिन्ह सहसा नसते. तेव्हा मॉनिटर व वीजपुरवठा संच यांची चिन्हे वेगवेगळी पाहावीत. वीजपुरवठ्यावर ‘८० प्लस’ असे असेल, तर तो निरनिराळ्या भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षम असल्याचे समजावे.

५. सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि निकामी यंत्र कोण परत घेईल? याचे उत्तर बिलावर किंवा माहितीपुस्तिकेत लेखी असावे.

हे पाच प्रश्न विचारणारा एक ग्राहक दुकानदाराला कदाचित चिकित्सक वाटेल. दहा ग्राहकांनी विचारले, की दुकानदार तेच प्रश्न वितरकाला विचारू लागेल. आणि दरपत्रकात आज न दिसणारी ती माहिती छापली जाऊ लागेल. भिलाईत पोलादाच्या प्रत्येक रुळाला तपासणीतून जावे लागते, कारण त्यावरून माणसे प्रवास करणार असतात. घरातील संगणकावरून मुलांचा अभ्यास चालतो, त्याच्या विजेसाठी कोठेतरी कोळसा जळतो आणि त्याचे अवशेष कोणाच्या तरी हातांत जातात. त्यावरील चिन्ह वाचण्यासाठी दोन मिनिटे देणे, ही जाणत्या ग्राहकाकडून फार मोठी अपेक्षा नाही.